पूरक दूध : स्तन्य पुरेसे होईपर्यंतच

तान्हे बाळ रडले की ‘दूध पुरत नाही’ असा निष्कर्ष घरात काढला जातो आणि दुधाच्या पावडरीचा डबा येतो. त्याविषयी माता विचारावयास आली असता काही वैद्य डबा सर्वथा निषिद्ध ठरवितात, तर काही शतावरी कल्प लिहून देऊन डबाही चालू ठेवावयास सांगतात. ही दोन्ही उत्तरे शास्त्राला धरून नाहीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानात शेळीचे अथवा गाईचे दूध सांगताना दोन मर्यादा घातल्या आहेत. मात्रा बालक पाहून ठरवावी आणि स्तन्य पुरेसे होईपर्यंतच ते द्यावे. मिश्र आहाराचे सारे मर्म या दोन मर्यादांत आहे.

म्हणून प्रथम स्तन्याल्पता खरोखर आहे काय, हे तपासावे. पहिल्या आठवड्यानंतर 24 तासांत सहा वा अधिक वेळा लघवी होत असेल, दोन आठवड्यांपर्यंत जन्मवेळचे वजन भरून निघाले असेल आणि पुढे रोज सुमारे 20 ते 30 ग्रॅम वाढ असेल, तर दूध पुरते आहे. रडण्याचे कारण अन्यत्र शोधावे. वजन वाढत नसेल तर मात्र केवळ स्तन्यजनन औषधांवर विसंबून कालहरण करणे बालकाच्या जिवावर बेतू शकते. अशा वेळी बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने पूरक दूध अवश्य द्यावे.

येथे ग्रंथातील शब्दाचा हट्टही नको. गाईच्या व शेळीच्या दुधातील प्रथिने व क्षार कोवळ्या वृक्कांना भार होतात. लोह अल्प असते, शेळीच्या दुधात फोलेटही. पहिल्या सहा महिन्यांत त्यापेक्षा प्रमाणित पावडरच अधिक सुरक्षित होय.

प्रत्येक वेळी आधी दोन्ही बाजूंस पाजावे, नंतर वाटी-चमच्याने पूरक दूध द्यावे. डब्यावरील प्रमाण मोडून ते पातळ करू नये. रात्रीचे पाजणे सोडू नये. स्तन जितके रिते होतात तितके स्तन्य वाढते. वजन सुधारेल तसे पूरक दूध कमी करीत न्यावे.

क्रोध व शोक यांनी स्तन्यनाश होतो, असे सुश्रुतच सांगतात. डबा आणला म्हणून मातेला दोष देणारा वैद्य त्याच हेतूंत भर घालतो. तिला अपराधी ठरविण्यापेक्षा बाळाचे वजन करावे आणि पुढील तपासणीचा दिवस नेमून द्यावा.