योग्य दवाखान्यात जन्मलेले मास्तर

शिकवण्या करणाऱ्या माणसाकडे आमच्या नाशकात दोन नजरांनी पाहतात. आपला मुलगा दहावीला असेल तर देवमाणूस म्हणून, आणि मुलगी लग्नाची असेल तर ‘पण नोकरी कुठं करतो?’ म्हणून. आमच्या भाच्याचं लग्न केव्हाच झालंय, म्हणून ही दुसरी नजर आम्ही नातेवाइकांनीच त्याच्यावर रोखून धरली आहे. खुद्द ताई, म्हणजे त्याची आई, चारचौघांत ‘तो तिकडे कन्सल्टंट आहे’ असं सांगते. अहो, कसला कन्सल्टंट? तो तोक्योत घरोघर जाऊन इंग्रजी शिकवतो!

सातपूरच्या कारखान्यातली बरी नोकरी सोडून तो बायकोमागोमाग जपानला गेला. (हो, बायकोमागोमाग! भाचेसून कॉम्प्युटरमध्ये आहे.) तोक्योच्या निशी-कासाई भागात आपली माणसं इतकी, की कढीपत्त्यावाचून कुणाचं अडत नाही. भाच्याचं मात्र सगळंच अडलं. जपानी येत नाही म्हणून कारखाने घेईनात. सहा महिने एका हॉटेलात त्यानं कांदे चिरले. नाशिक जिल्ह्यातला माणूस, कांद्याचं त्याला काय अप्रूप! मग गोदामात खोकी उचलली. शेवटी ‘आपल्याला इंग्रजी येतं’ हे आठवून त्यानं शिकवणी वर्गांकडे अर्ज धाडले. तिथे प्रश्न एकच: ‘इंग्रजी तुमची मातृभाषा आहे का?’ त्यानं खरं काय ते सांगितलं आणि अर्ज परत आले. एका वर्गानं त्याच्याऐवजी घेतलेल्या तरुणानं पूर्वी कधी खडू हातात धरला नव्हता. त्याची पात्रता एवढीच, की तो योग्य देशातल्या योग्य दवाखान्यात जन्मला होता.

माझं भांडण आहे ते इथं. मातृभाषा असली की ती शिकवता येते, हे ठरवलं कुणी? माझी मातृभाषा मराठी. परवा शेजारच्या बंगाली बाईंनी विचारलं, “‘तो आला’ म्हणता, मग ‘त्यानं आंबा खाल्ला’ का? ‘तो आंबा खाल्ला’ का नाही?” मी डोकं खाजवून म्हणालो, “असंच असतं!” साठ वर्षं मराठी बोलणाऱ्याचं व्याकरण इथं संपलं. रस्त्यात खड्डे कुठं आहेत ते त्यात पडून उठलेलाच सांगू शकतो. घराच्या गादीवर भाषा शिकलेला काय सांगणार?

आणि आपण तरी ही अट कधी घातली होती? मराठीत स्वल्पविराम नि पूर्णविराम रूढ करण्याचं श्रेय मेजर कँडी या इंग्रजाला देतात. आपल्याच भाषेत श्वास कुठं घ्यायचा, ते आपण साहेबाकडून शिकलो! मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन बाई 1961 साली हैदराबादेत इंग्रजी शिकवायला आल्या आणि मराठीतच गुंतल्या. फलटणच्या बोलीवर त्यांनी डॉक्टरेट केली, जाई निंबकरांबरोबर परदेशी लोकांसाठी मराठीची पुस्तकं लिहिली, 1978 साली भारताचं नागरिकत्व घेतलं आणि 1984 साली फलटणला प्रगत शिक्षण संस्था काढली. ‘बाई, तुमचा जन्म सदाशिव पेठेतला का?’ असं त्यांना कुणी विचारलं नाही. विचारलं नाही हे फार चांगलं झालं. मग आमच्या भाच्यालाच का विचारायचं? आमच्याच गावात तात्यासाहेब शिरवाडकरांनी ‘किंग लिअर’वरून 1970 साली ‘नटसम्राट’ उभं केलं. शेक्सपिअर कळायला त्यांना काही लंडनला जन्म घ्यावा लागला नाही.

कुणी म्हणेल, उच्चारांचं काय? तेही ऐका. भाच्याला पहिला विद्यार्थी मिळाला तो गोदामातल्या ओळखीतून. त्या गृहस्थांना रोज पुण्याच्या इंजिनियरांशी फोनवर बोलावं लागायचं. अमेरिकन मास्तरांचं इंग्रजी त्यांना पाठ होतं, पण पुण्याचं काही केल्या कळेना! भाच्यानं ते महिन्याभरात कळवून दिलं. जगात इंग्रजी बोलणाऱ्यांत ज्यांची ती मातृभाषा नाही तेच जास्त आहेत. बाजार त्यांचा आहे, फक्त दुकानाच्या पाट्या अजून साहेबाच्या नावाच्या आहेत. आज भाच्याकडे अकरा विद्यार्थी आहेत आणि डोक्यावर साहेब नाही.

इतकं तावातावानं लिहिलं, आता पोटातलं सांगतो. गेल्या वर्षी नातवाला ‘स्पोकन इंग्लिश’ला घालायचं होतं. आमच्या शेजारच्या वाड्यात तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाई राहतात. मी नातवाला त्यांच्या दारावरून गंगापूर रोडच्या एका वर्गाला घेऊन गेलो. का? तर माहितीपत्रकावर एका गोऱ्या मास्तरांचा फोटो होता! बाई दारात उभ्या होत्या. कुठं निघालात, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. वर्गातला तो गोरा मास्तर वर्षभरात फोटोतून बाहेर आला नाही.

म्हणून मी परवा बाईंना चिठ्ठी पाठवली: ‘नातवाला शिकवाल का? चुकलो.’ बाईंचं उत्तर त्याच कागदावर आलं: ‘उद्या पाचला पाठवा.’ आणि ताईला सांगितलं, “यापुढं कन्सल्टंट म्हणायचं नाही. मास्तर म्हणायचं!”

जाता जाता, चिठ्ठीच्या मायन्यात बाईंनी लाल शाईनं दोन स्वल्पविराम घातले होते. तेही मूळचे साहेबाचेच म्हणा!