घोरणाऱ्याची फिर्याद फॅमिली डॉक्टरकडेच

घरातील कर्ता पुरुष घोरतो ही आपल्याकडे थट्टेची बाब मानली जाते. आणि अंथरुणाला पाठ टेकताच जो घोरू लागतो तो सुखी जीव, त्याला गाढ झोप लागते, अशी समजूत सुशिक्षित कुटुंबांतूनही रूढ आहे. वास्तविक निद्रेत घशाचे स्नायू शिथिल होऊन ज्याचा श्वासमार्ग मिटतो, दहा सेकंद, प्रसंगी त्याहून कितीतरी अधिक काळ, छाती धडपडत असूनही ज्याच्या फुप्फुसांत हवा शिरत नाही, आणि रक्तातील प्राणवायू उतरल्यावर मेंदू ज्याला त्याच्या नकळत क्षणभर जागे करून श्वास परत मिळवून देतो, अशा माणसाला हा प्रकार तासाला पंधरा-तीस वेळा वर्षानुवर्षे सोसावा लागत असेल, तर त्याच्या निद्रेला विश्रांती म्हणणे अन्यायाचे आहे.

या विकाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात, आणि तो विरळा नाही. डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील 35 ते 65 वर्षे वयाच्या पुरुषांची पाहणी करून 2004 साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात सुमारे साडेसात टक्के पुरुषांना दिवसाच्या झोपाळूपणासह हा विकार असल्याचे आढळले. इतक्या मोठ्या संख्येला मूठभर निद्रातज्ज्ञ पुरे पडणार नाहीत. म्हणून या रोगाच्या निदानाची आणि नित्याच्या देखरेखीची जबाबदारी प्रामुख्याने फॅमिली डॉक्टरने व प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याने उचलली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण हा रोगी त्यांच्याच दवाखान्यात, पण निराळ्या तक्रारी घेऊन, आधीपासून येत असतो. तीन-तीन औषधे चालू असूनही त्याचा रक्तदाब उतरत नाही, सकाळी डोके जड असते, रात्री लघवीला उठावे लागते, दुपारी कचेरीत डुलकी लागते. आणि प्रत्येक तक्रारीवर स्वतंत्र गोळी लिहून दिली जाते. त्यांत झोपेच्या गोळीची भर पडली तर घशाचे स्नायू अधिकच सैल पडण्याची भीती असते. रोग्याला स्वतःला यातले काही ठाऊक नसते. श्वास थांबल्याची साक्ष देऊ शकते ती शेजारी जागी राहणारी पत्नी, आणि तिला नावाने ओळखून, विश्वासात घेऊन विचारू शकेल असा वैद्य म्हणजे त्या घराचा डॉक्टरच. स्त्रियांच्या बाबतीत तर दुर्लक्ष दुप्पट होते. रजोनिवृत्तीनंतर हा विकार त्यांच्यात वाढतो, परंतु त्या थकव्याची आणि निद्रानाशाची तक्रार सांगतात, घोरण्याचा उच्चार संकोचाने टाळतात, आणि डॉक्टरही तो विषय काढत नाहीत.

या विकाराची शक्यता ताडण्यासाठी टोरोंटोच्या भूलतज्ज्ञांनी 2008 साली तयार केलेली आठ प्रश्नांची चाचणी दोन-चार मिनिटांत होते. तिला मान मोजण्याच्या टेपापलीकडे फारसे साहित्य लागत नाही. संशय बळावला तर पुष्कळ रोग्यांची तपासणी त्यांच्या घरी एका रात्रीत करता येते. हृदय निकामी होत चाललेले वा फुप्फुसाचा गंभीर आजार असलेले रोगी मात्र तज्ज्ञाकडेच धाडावेत.

सामान्य डॉक्टरला हे झेपेल काय, या शंकेला दक्षिण ऑस्ट्रेलियातील 2013 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने बरेचसे उत्तर दिले आहे: तेथे प्रशिक्षित डॉक्टर व परिचारिका यांनी सांभाळलेल्या रोग्यांचा दिवसाचा झोपाळूपणा सहा महिन्यांनी निद्रातज्ज्ञांच्या रोग्यांइतकाच कमी झाला. उपचार अर्धवट सोडणारे मात्र डॉक्टरांच्या गटात अधिक निघाले, आणि ही गोष्ट लपवून चालणार नाही. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 साली जगापुढे मांडलेले, मुखवट्यातून दाबाने हवा देणारे सीपॅप यंत्र गुणकारी आहे खरे, परंतु मुखवटा टोचतो, नाक कोरडे पडते, आणि पहिल्या काही आठवड्यांत कोणी विचारपूस केली नाही तर ते यंत्र कपाटात जाते. ही विचारपूस, वजन उतरवण्याचा तगादा, रात्रीच्या मद्यपानाची मनाई, कुशीवर निजण्याची सवय, ही सारी कामे गल्लीतला डॉक्टर जितक्या चिकाटीने करील तितक्या चिकाटीने दूरच्या शहरातला तज्ज्ञ करू शकणार नाही. त्यासाठी त्याला रीतसर प्रशिक्षण आणि वेळेचा योग्य मोबदला देण्याची तजवीज शासनाने करावी. आणि तोवर निदान एसटी व मालमोटारींच्या चालकांना तंदुरुस्तीचा दाखला देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने, सही करण्यापूर्वी, घोरण्याची आणि दिवसाच्या झोपेची चौकशी करून ती दप्तरी नोंदवावी.