अस्तंगत जीवजातींचे मोजमाप

एखादा प्राणी विरळ दिसू लागला म्हणजे तो नष्ट होण्याच्या मार्गावर आहे आणि मुबलक दिसतो म्हणजे तो निर्धास्त आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. ही समजूत किती घातक आहे, हे गिधाडांनी आपणांस दाखवून दिले. पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड गावोगावच्या ढोरफोडीवर थव्यांनी उतरत असे. त्याची गणती करावी असे कोणाच्या मनातही आले नसते. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील त्याची संख्या शेकडा ९९ हून अधिक घटली. गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने हा संहार केला, हे २००४ मध्ये उजेडात आले आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर सरकारने बंदी घातली.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाची तांबडी यादी १९६४ पासूनची. प्रारंभी तिची भिस्त तज्ज्ञांच्या मतावर असे; १९९४ साली संघाने आकड्यांच्या कसोट्या स्वीकारल्या. त्यांत घसरणीला स्वतंत्र स्थान आहे. दहा वर्षांत अथवा तीन पिढ्यांत, जो काळ अधिक असेल त्यात, संख्या शेकडा ८० ने घटली आणि घटीचे कारण थांबलेले नसले, तर हजारो जीव शिल्लक असूनही ती जाती ‘अत्यंत संकटग्रस्त’ ठरते. गिधाड २००० साली त्या वर्गात गेले ते याच न्यायाने. निव्वळ डोकी मोजण्याच्या कसोटीवर विसंबलो असतो, तर प्रौढ पक्षी पन्नासांहून कमी होईतो वाट पाहावी लागती! या पद्धतीचे श्रेष्ठत्व आम्ही मानतो ते एवढ्यासाठीच.

मात्र तिच्या एका रकान्याचा अर्थ सोयीस्करपणे लावला जातो. ‘माहिती अपुरी’ असा शेरा असलेली जाती सुरक्षित समजली जाते. परीक्षेस गैरहजर राहिलेल्या मुलास उत्तीर्णांच्या यादीत घालणारा शिक्षक आम्ही तरी पाहिलेला नाही. उलट, दिसत नाही म्हणून नाही, असेही म्हणता येत नाही. १८८४ नंतर ज्याचा खात्रीलायक पुरावा नव्हता, तो रानपिंगळा १९९७ मध्ये आपल्याच शहाद्याच्या रानात सापडला.

आता आपल्या कायद्याकडे पाहू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूची २०२२ च्या दुरुस्तीने नव्याने मांडल्या गेल्या. तरीही पहिल्या अनुसूचीत मोर आणि माळढोक शेजारी बसले आहेतच. मोराला संरक्षण असावे याबद्दल वाद नाही; तो राष्ट्रीय पक्षी आहे. परंतु तांबड्या यादीत त्याची चिंता सर्वांत कमी, तर माळढोक देशात दोनशेंच्याही आत उरला आहे. शिकाऱ्यास शिक्षा किती, एवढे अनुसूची सांगते. अपुरा पैसा प्रथम कोठे खर्चावा, हे ती सांगू शकत नाही. तांबडी यादीही सर्वस्वी सांगत नाही, कारण धोका किती आणि उपाय कितपत साधेल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. परंतु ती निदान आपली कसोटी व मूल्यमापनाचे वर्ष उघड करते. अनुसूचीची पुढील दुरुस्ती होईल तेव्हा प्रत्येक नावापुढे ते का घातले व त्याची गणती केव्हा झाली, हे केंद्र सरकारने छापावे. आणि जेथे गणती झालीच नसेल, तेथे तसे स्पष्ट लिहावे.