दिवाळें शहराचें, भुर्दंड गरिबाला !

आमच्या कुळवाड्याला, कुंभाराला, सुताराला कर्ज म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. खतावर आंगठा उठला कीं पिढी कशी खपते, हें सर्वांनीं आजोबांच्या तोंडून ऐकलें आहे. पण सबंध शहरच कर्जांत बुडतें, असें आम्हीं सांगितलें कीं लोक तोंडाकडे पाहतात. म्हणून आज अमेरिकेंतील डेट्रॉईट शहराची हकीकत मांडतों. पंडित मंडळी ती सांगतात तेव्हां एकच तात्पर्य काढतात: नोकरांचीं पेन्शनें वाढलीं, म्हणून शहर बुडालें. हें तात्पर्य आम्हांस कबूल नाहीं. कां, तें आंकडेच सांगतील.

डेट्रॉईट म्हणजे मोटारींचें माहेर. १९५० सालीं तेथें साडेअठरा लाख वस्ती होती. २०१० सालीं सात लाखांच्या आसपास उरली. कारखाने बाहेर गेले, गोरे लोक उपनगरांत गेले, त्यांच्यामागोमाग कराचा पैसाही गेला. काळ्या लोकांना मात्र तेथें घर मिळूं नये, घरासाठीं कर्ज मिळूं नये, अशी तजवीज कित्येक वर्षें होती. कोणीं कोठें राहावें हें दुसऱ्यानें ठरवावें, हा खेळ आमच्या वाचकांस नवा नाहीं. ज्यांना जातां आलें नाहीं ते मागें राहिले. आणि रस्ते, दिवे, नळ मात्र साडेअठरा लाखांच्या मापाचे राहिले.

आतां कर्जाची गोष्ट ऐका. २००५ सालीं शहरानें पेन्शन-फंडाची खोट भरण्यासाठीं सुमारें १४४ कोटी डॉलर उभारले, आणि वर व्याजाच्या दरावर बँकांशीं एक प्रकारची पैजच लावली. दर चढले तर बँकांनीं द्यावयाचें, उतरले तर शहरानें. २००८ सालीं बाजार कोसळला, दर उतरले, आणि फांस शहराच्या गळ्यांत बसला. २००९ सालीं जुगारगृहांवरील कराचें उत्पन्नही तारण लिहून द्यावें लागलें. उभें पीक सावकाराला लिहून देणें, तें दुसरें काय ?

कोणी म्हणेल, कारभारीही चोर होते. होय, होते. त्या काळचा नगराध्यक्ष क्वामी किलपॅट्रिक यास लांचलुचपतीबद्दल २०१३ सालीं २८ वर्षांची शिक्षा झाली. चोराला शिक्षा झाली हें ठीक. पण झाडूवाल्यानें कोणाची चोरी केली होती?

नोव्हेंबर २०१२ मध्यें मिशिगन प्रांताच्या लोकांनीं मतें देऊन ‘आणीबाणी व्यवस्थापका’चा कायदा रद्द केला. डिसेंबरांत सरकारनें दुसरा तसाच कायदा केला, आणि लोकांना पुन्हां मत देतां येऊं नये अशी त्यांत पाचर मारली. मार्च २०१३ मध्यें त्याखालीं केविन ऑर यांस नेमलें. निवडलेले सभासद खुर्चीवर राहिले, सत्ता मात्र उठून गेली. १८ जुलै २०१३ रोजीं सुमारें १,८०० कोटी डॉलर देण्याचें दिवाळें जाहीर झालें.

निवाडा काय झाला ? कारकून, सफाईवाले, बस हांकणारे यांच्या पेन्शनींतून शेंकडा साडेचार कापले व महागाईची वाढ बंद केली. पेन्शन तरी केवढें ? सरासरी वर्षाला वीस हजार डॉलरांच्या आंत. खरें बोलावयाचें तर कांहीं रोखेवाल्यांना याहून मोठी कपात सोसावी लागली. पण पेढीची बूड वहींत पडते, म्हाताऱ्याची पोटांत.

त्याच वर्षांत घरपट्टीचा जुलूम चालला होता. घराच्या बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त आकारणी करूं नये, असें त्या प्रांताची घटना सांगते. घरांच्या किंमती कोसळल्या, आकारणी मात्र वरच राहिली. २०१० ते २०१६ पर्यंत लोकांकडून निदान ६० कोटी डॉलर जास्त उकळले गेले, असा हिशेब ‘डेट्रॉईट न्यूज’ पत्रानें २०२० सालीं मांडला. पट्टी थकली म्हणून हजारों घरें लिलावांत गेलीं. २०१४ सालीं पाण्याचें बिल थकलेल्या हजारों घरांचे नळ तोडले.

एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवा. त्या पैजेची बँकांशीं झालेली तडजोड बँकांना फार झुकतें माप देते, म्हणून न्यायाधीश स्टीव्हन ऱ्होड्स यांनीं फेटाळली. अखेर साडेआठ कोटी डॉलरांत मिटलें. सावकारही खालीं उतरतो, पण अडविणारा भेटला तर !

आतां घरचें पाहूं. जकात जाऊन आमचीं मोठीं शहरें भरपाईसाठीं सरकारच्या तोंडाकडे पाहतात. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या सरकारी नोकरांचें व शिक्षकांचें जुनें पेन्शन गेलें. शहराचा झाडू धरणारा आणि बस हांकणारा कोण ? तो तुमचाआमचाच मुलगा. तेव्हां शहराच्या अंदाजपत्रकाशीं आपला संबंध नाहीं, असें कोणीं समजूं नये.

बंधूंनो, शाळेंत आम्ही मुलांना व्याजाचीं उदाहरणें घालतों. तींच तुम्ही कारभाऱ्यांना घाला. ग्रामसभेंत उभे राहा, शहरांतल्या मुलाला नगरसेवकाकडे पाठवा आणि विचारा: कर्ज किती ? व्याज कोणत्या दराचें ? तारण काय लिहून दिलें ? बुडालें तर आधीं कोणाचें कापणार ? उत्तर मिळेपर्यंत खालीं बसूं नका. हिशेब विचारणें हा उद्धटपणा नव्हे. न विचारणें हीच आपली जुनी खोड आहे, आणि तिचें व्याज आपण आजवर भरीत आलों आहों.