वाळूत नदीचाही हिस्सा आहे

तीन वर्षांपूर्वी पुलगावातल्या आमच्या घरावर दुसरा मजला चढला. मी पुण्यात लॅपटॉपसमोर, पैसे पाठवण्यापुरता. वाळूचा ट्रॅक्टर रात्री दोनला आला आणि उजाडायच्या आत रिकामा होऊन गेला, हे अब्बांनी फोनवर सांगितले. रॉयल्टीची पावती मी मागितली नाही. वाळू स्वस्त मिळाली, याचाच आनंद होता.

त्या ईदला घरी आलो तेव्हा अब्बांबरोबर वर्धा नदीवर गेलो. त्यांच्या तरुणपणी उन्हाळ्यात इथल्या वाळूत डांगरवाड्या असायच्या. आता जागोजागी उघडा खडक आणि खड्ड्यांत साचलेले हिरवे पाणी. "वाळू गेली, डांगरं गेली," एवढेच ते म्हणाले. त्यातली थोडी वाळू आमच्या भिंतीत होती.

वाळूचोरीविरुद्ध बोलणे सोपे आहे. पण उद्या चोरी थांबली तरी नदी पूर्वीसारखी भरणार नाही, कारण वर दोन मोठी धरणे आहेत. मोर्शीजवळ १३ दरवाजांचे अप्पर वर्धा आणि त्याच्या खाली, आर्वी तालुक्यात धनोडीला, ३१ दरवाजांचे निम्न वर्धा. नदी वाळू, गोटे, गाळ घेऊन येते. जलाशयात तिचा वेग मोडतो. जाड वाळू वरच्या टोकाला बसते, बारीक गाळ पुढे भिंतीपर्यंत जातो. दरवाजातून सुटणाऱ्या पाण्यात ताकद असते, पण ओझे नसते. मग ते खालचे पात्र आणि काठ खरवडते. अभियंते त्याला 'भुकेले पाणी' म्हणतात.

वरून भर बंद आणि खालून उपसा चालू. वाळूवर अंडी घालणारे नदी सुरय पक्षी आणि कासवे, गोट्यांच्या फटींत वाढणारे मासे, त्या माशांवर पोट असलेले भोई-ढीवर, सगळ्यांची जागा जाते. पात्र खोल गेले की काठच्या विहिरींचे पाणीही उतरते.

धरण नको, असे मी म्हणत नाही. कालव्यावर कितीतरी शेते उभी आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजनाही चांगली आहे. जलाशयात जागा होते, शेताला कस मिळतो. पण हिशेब मांडून पाहा. पाणी कालव्याला, गाळ शेताला, वाळू बांधकामाला. नदीच्या नावावर काय?

हे अशक्य नाही. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणातून १९९६ मध्ये मुद्दाम पूर सोडला, तो खालचे वाळूचे काठ पुन्हा उभे करण्यासाठी. जपानमध्ये काही ठिकाणी जलाशयातले वाळू-गोटे काढून धरणाखाली पात्रात रचून ठेवतात. पूर आला की नदी स्वतःच ते पसरवते. मात्र बारीक गाळ असा ओतायचा नसतो, त्याने माशांची अंडी गुदमरतात. तो शेतातच बरा.

म्हणून आपली मागणी नेमकी हवी. निम्न वर्धाच्या जलाशयातल्या जाड वाळूचा ठरावीक हिस्सा धरणाखाली टाका. पावसाळ्यात सोडायचेच असलेले पाणी गावांना आधी सांगून, ही वाळू पसरेल अशा बेताने सोडा. आणि पात्र मोजून ते सावरल्याचे दिसेपर्यंत धरणाखालच्या पट्ट्यात वाळूचा लिलाव नको. वाळूघाटाचा विषय ग्रामसभेत निघतो, तेव्हा आपली तरुण पोरे तिथे किती असतात?

सुरुवात मोहल्ल्यातूनही होऊ शकते. मशिदीचे काम किंवा कब्रस्तानची भिंत निघाली की आपण चंद्याचा पै-पैचा हिशेब लावतो. वाळू कुठून आली, हे कोणी विचारत नाही. वाहत्या नदीकाठीही वुजूला पाणी उधळू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग त्या नदीची वाळू पावतीशिवाय कशी चालते? कमिटीने पावती मागावी, जमेल तिथे दगड दळून केलेली वाळू वापरावी. तीही डोंगर फोडूनच येते, म्हणून लागेल तेवढीच.

यंदा आमच्या घराच्या कुंपणाची भिंत बांधायची होती. पावती मागताच वाळूचा दर वाढला. वाढीव पैसे दिले. दुसऱ्या मजल्यातल्या वाळूचे देणे मात्र अजून बाकी आहे.