क्रिकेटच्या मैदानात ‘मेरिट’ कुणाचे?

क्रिकेटची मोठी स्पर्धा सुरू झाली की आपल्या वस्त्यांतही रात्री उशिरापर्यंत टीव्ही चालू असतात. विश्वचषक असो नाहीतर आयपीएल, आम्हीही सामने पाहतो, आम्हीही ओरडतो, आम्हीही हरल्यावर हळहळतो. पण या जल्लोषात एक साधा प्रश्न विचारला की वातावरण लगेच तापते. या अकरा जणांत आपले किती? उत्तर ठरलेले असते : ‘खेळात जात आणू नका, तिथे फक्त मेरिट चालते.’

हा लेख त्या उत्तराला उत्तर आहे. हेच वाक्य उद्या नोकरीत, परवा विद्यापीठात आपल्या मुलांच्या तोंडावर फेकले जाते. क्रिकेट हे ‘मेरिट’वाल्यांचे सर्वांत आवडते उदाहरण आहे. म्हणून ते तपासले पाहिजे. आणि जगभरच्या क्रिकेट स्पर्धांचा इतिहास उघडला तर दिसते ते उलटेच. कोणी खेळायचे, कोणी नेतृत्व करायचे आणि कोणी फक्त मैदान झाडायचे, हे ठरवण्याची भांडणे या खेळात पहिल्यापासून आहेत.

इंग्लंडची दोन फाटके

सुरुवात क्रिकेटच्या माहेरघरापासून करू. इंग्लंडमध्ये १८०६ पासून १९६२ पर्यंत ‘जंटलमेन’ विरुद्ध ‘प्लेयर्स’ असा सामना खेळला जात होता. जंटलमेन म्हणजे पैशासाठी न खेळणारे उच्चवर्गीय. प्लेयर्स म्हणजे खेळून पोट भरणारे. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, मैदानात येण्याची फाटके वेगळी, धावफलकावर नाव लिहिण्याची पद्धतही वेगळी. कितीही बळी घ्या, कर्णधार बहुधा जंटलमनच. वाचताना ओळखीचे वाटते ना? १९६२ च्या अखेरीस हा भेद अधिकृतपणे मोडला. पण तो सहज विरला नाही. २०२३ साली इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानेच नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने जाहीर सांगितले की इंग्लिश क्रिकेटमध्ये वंशभेद, लिंगभेद आणि वर्गभेद खोलवर रुजलेले आहेत. मंडळाला माफी मागावी लागली.

ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला गेलेला पहिला संघ १८६८ चा, आणि त्यातले खेळाडू मूलनिवासी होते. त्यांनी ४७ सामने खेळले. पुढे मात्र त्याच मूलनिवासींना राष्ट्रीय संघाचे दार जवळपास बंद राहिले. वेस्ट इंडिजमध्ये संघ कृष्णवर्णीयांच्या जिवावर जिंकायचा, पण कर्णधार गोरा असायचा. सी. एल. आर. जेम्स यांनी वर्तमानपत्रातून मोहीम चालवली, तेव्हा कुठे १९६० साली फ्रँक वॉरेल यांच्याकडे पूर्ण मालिकेचे नेतृत्व आले. पुढे १९७५ आणि १९७९ चे पहिले दोन विश्वचषक याच वेस्ट इंडिजने जिंकले. कृष्णवर्णीयांना नेतृत्व जमत नाही म्हणणाऱ्यांना उत्तर मैदानात मिळाले, पण त्याआधी ते मैदानाबाहेर लढावे लागले.

आपल्याकडची पहिली मोठी स्पर्धा आणि एक फिरकी गोलंदाज

आता घरी येऊ. आयपीएलच्या शंभर वर्षे आधी मुंबईत लाखोंच्या चर्चेचा विषय असलेली स्पर्धा होती. युरोपियन विरुद्ध पारशी अशी ती सुरू झाली, १९०७ मध्ये हिंदू आले, १९१२ मध्ये मुस्लिम आले आणि ती चौरंगी झाली, १९३७ मध्ये पंचरंगी. संघ धर्मावर ठरत होते. मरीन ड्राइव्हवरची जिमखान्यांची रांग हा त्याचाच वारसा. त्या रांगेत अस्पृश्यांचा जिमखाना कधीच नव्हता. अस्पृश्य खेळाडू मोजणीसाठी ‘हिंदू’ होता आणि चहाच्या वेळी अस्पृश्य.

बाळू पालवणकर यांची कथा हीच आहे. चर्मकार समाजात जन्मलेला हा मुलगा पुण्यात मैदानाची देखभाल करायचा. महिन्याला तीन-चार रुपये पगार. गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता डावखुरी फिरकी अशी तयार झाली की हिंदू संघाला या माणसाशिवाय जिंकता येईना. संघात घेतले, पण चहा तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या कपात. १९११ साली भारताचा संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज, आणि बळी घेणारे बाळू. त्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले.

मेरिट म्हणजे याहून वेगळे काय असते? तरीही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधी रीतसर मिळाले नाही. १९२० साली त्यांना डावलले गेले, तेव्हा त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी संघातून अंग काढून घेतले आणि जाहीर पत्रक काढून जातीचा मुद्दा उघड मांडला. गवगवा झाला, तोडगा निघाला, बाळूंना उपकर्णधार केले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघ जिंकला. लक्षात घ्या, विठ्ठल यांचे मेरिट १९२० मध्येही तेवढेच होते. त्या तीन वर्षांत बदलली ती फक्त दबावाची ताकद. विठ्ठल यांनी आपले आत्मचरित्र मराठीत लिहून ठेवले आहे. आपल्यातल्या किती जणांनी ते पाहिले आहे?

इथे एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. आपल्या चळवळीत बाळूंचे नाव फार घेतले जात नाही. कारण आपल्याला माहीत आहे. १९३२ च्या वाटाघाटींत ते बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला होते, आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेब जिंकले. तो राजकीय निर्णय चूक होता, असेच आम्ही मानतो. पण तरुणपणी भीमरावांना याच बाळूंचा अभिमान होता. १९११ च्या दौऱ्यानंतर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने केलेल्या सत्काराच्या मानपत्राशी त्यांचे नाव जोडले जाते. काँग्रेसने बाळूंना वापरले आणि नंतर विसरून टाकले. आपणही विसरलो तर त्यांच्या गोलंदाजीवर झालेला अन्याय आपणच पूर्ण करू. एका माणसाच्या राजकारणाला विरोध करून त्याच्या कर्तृत्वावर हक्क सांगता येतो.

‘कोटा प्लेयर’ लॉर्ड्सवर

आता दक्षिण आफ्रिका पाहा. वर्णद्वेषी राजवटीने कृष्णवर्णीयांना राष्ट्रीय संघाबाहेर ठेवले. जगाने १९७० पासून त्या संघावर बहिष्कार टाकला. १९९१ मध्ये तो परत आला. पण दार उघडल्याने आत कोणी आपोआप येत नाही. पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी कसोटीपटू मखाया एन्टिनी १९९८ मध्ये खेळला, म्हणजे परतल्यावरही काही वर्षांनी.

मग त्यांनी काय केले? मोजणी केली. उद्दिष्टे ठरवली. २०१६ मध्ये जाहीर केले की एका हंगामाच्या सरासरीत राष्ट्रीय संघात किमान सहा खेळाडू गौरेतर असावेत आणि त्यातले किमान दोन कृष्णवर्णीय आफ्रिकी. देशांतर्गत संघांनाही बंधने घातली. त्याच वर्षी तिथल्या क्रीडामंत्र्यांनी बदलाचा वेग कमी म्हणून क्रिकेट मंडळाला मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या यजमानपदासाठी बोली लावण्यास मनाई केली. स्पर्धा हवी असेल तर आधी संघाचे दार उघडा, इतका सरळ व्यवहार.

विरोधक लगेच २०१५ च्या विश्वचषकाचे उदाहरण देतील. उपांत्य सामन्यात काइल अॅबटऐवजी व्हर्नन फिलँडर खेळला, संघ हरला, आणि वरून दबाव होता असा आरोप झाला. ऐन सामन्याच्या आधी वरून नावे बदलणे चूकच. पण त्या वादात एक गोष्ट सोयीने विसरली गेली. फिलँडर हा पहिल्या सात कसोटींत ५० बळी घेणारा गोलंदाज होता. तरी एका रात्रीत तो ‘कोट्याचा’ झाला. गुणवत्ता सिद्ध केल्यानंतरही शिक्का पुसला जात नाही, हे आपल्या डॉक्टर-इंजिनिअर मुलांना सांगायची गरज नाही.

आणि टेंबा बवुमा? केपटाऊनच्या लांगा या कृष्णवर्णीय वस्तीतला हा बुटका फलंदाज. वर्षानुवर्षे त्याला ‘कोटा प्लेयर’ म्हणून हिणवले गेले. २०१६ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेसाठी कसोटी शतक करणारा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी ठरला. पुढे कर्णधार झाला. जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध २८२ धावांचा पाठलाग होता. मांडीचा स्नायू दुखावलेला असताना, लंगडत धावा काढत त्याने ६६ केल्या. मार्करमने शतक ठोकले, कागिसो रबाडाने सामन्यात नऊ बळी घेतले. १९९८ नंतर दक्षिण आफ्रिकेच्या पुरुष संघाने पहिल्यांदाच मोठी आयसीसी स्पर्धा जिंकली. कर्णधार म्हणून बवुमाच्या पहिल्या दहा कसोटींत नऊ विजय, एक अनिर्णित, पराभव शून्य.

जे गोरे संघ ‘निव्वळ मेरिट’वर निवडले जात होते, त्यांना जे जमले नाही ते या संघाने केले. संधी वाढली म्हणून दर्जा घसरला, हे वाक्य यापुढे कोणी उच्चारले तर त्याला लॉर्ड्सचा धावफलक दाखवा.

आपल्याकडे मोजणीच नाही

आता जगातले सर्वांत श्रीमंत क्रिकेट मंडळ पाहा. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएल प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. १ लाख ३२ हजार माणसे बसणारे स्टेडियम आपल्याकडे आहे. पण भारतासाठी किती दलित, किती आदिवासी खेळले याची अधिकृत नोंद नाही. २०१८ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तल्या एका लेखात मांडले गेले की १९३२ पासून तोपर्यंत कसोटी खेळलेल्या सुमारे २९० पुरुषांपैकी ज्ञात दलित खेळाडू फक्त चार. आदिवासींबद्दल तर बोलायलाच नको. देशाच्या लोकसंख्येचा चौथा भाग आपण आहोत. इतक्या लोकांत मनगट फिरवणारी मुले जन्मतच नाहीत, असे मानायचे का?

मुले आहेत. ती टेनिस बॉलवर खेळताहेत. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात जा, आमदार चषक, सरपंच चषक, भीमजयंतीनिमित्त भव्य टेनिस बॉल स्पर्धा. तिथे पोरे असे यॉर्कर टाकतात की पाहत राहावे. मग ती तिथेच का थांबतात? कारण पुढचा रस्ता लेदर बॉलचा आहे. लेदर बॉल म्हणजे पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट, चांगली बॅट. टर्फ विकेटवर सराव. क्लबची मेंबरशिप, अॅकॅडमीची फी. हॅरिस शील्ड खेळणाऱ्या शाळेत प्रवेश. किटबॅग घेऊन लोकलने दोन तास जायचे, दोन तास यायचे, आणि त्या दिवसाची मजुरी बुडवायची. निवड चाचणीची बातमी ज्या ओळखीपाळखीतून फिरते, त्या ओळखीत आपण नाही. जातीचे नाव न घेताही जात इतके सगळे काम करते. निवड समितीने डोळे मिटून निवडले तरी तिच्यासमोर आपला मुलगा पोचलेलाच नसतो.

आणि जो पोचतो त्याचे काय? ऑगस्ट २०२१ मध्ये ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत भारताच्या महिला हॉकी संघाचा पराभव झाला, तेव्हा वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर फटाके फोडून तिच्या कुटुंबाला जातिवाचक शिव्या दिल्या गेल्या. त्याच स्पर्धेत तिने हॅटट्रिक केली होती. ‘खेळात जात आणू नका’ हे त्या फटाके फोडणाऱ्यांना कोणी सांगितले होते का?

मागणी काय?

‘बीसीसीआय खासगी संस्था आहे’ ही पळवाट आता पुरणार नाही. मंडळ सार्वजनिक स्वरूपाचे कार्य करते आणि त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. संघ देशाच्या नावाने खेळतो, बंदोबस्ताला पोलीस सरकारचे असतात. मग हिशेब मागण्याचा अधिकार जनतेचा आहे.

पहिली मागणी मोजणीची. १६ वर्षांखालील संघापासून रणजीपर्यंत आणि महिला संघांतही सामाजिक प्रतिनिधित्वाची आकडेवारी जाहीर करा. दुसरी, समाजकल्याणची वसतिगृहे आणि आदिवासी आश्रमशाळा यांत लेदर बॉलचे साहित्य, टर्फ विकेट आणि पगारी प्रशिक्षक द्या. तिसरी, निवड चाचण्या तालुक्याला घ्या आणि त्यांची जाहिरात उघड करा. चौथी, वयोगटांच्या आणि राज्यांच्या संघांसाठी उद्दिष्टे ठरवा. २०३१ चा एकदिवसीय विश्वचषक भारत आणि बांगलादेशात होणार आहे. सरकारने त्याच्या परवानग्या देताना मंडळाला या चार गोष्टींचा हिशेब विचारावा. दक्षिण आफ्रिकेच्या मंत्र्याला जे जमले ते आपल्याकडे का जमू नये?

पण सगळे सरकारकडे मागून चालणार नाही. भीमजयंतीच्या स्पर्धा आपल्याच हातात आहेत. त्यांतल्या बक्षिसाच्या आणि डीजेच्या रकमेतला एक वाटा बाजूला काढा. दर वर्षी वस्तीतल्या दोन मुलांना आणि दोन मुलींना लेदर बॉलचे किट, क्लबची फी आणि प्रवासखर्च द्या. ज्यांना खेळाची वाट माहीत आहे अशा आपल्या माणसांनी चाचण्यांच्या तारखा वस्तीपर्यंत पोचवाव्यात. आणि येत्या जयंतीला एखाद्या चषकाला बाळू पालवणकरांचे नाव द्या. त्या निमित्ताने पोरे विचारतील, हा कोण होता? तेव्हा त्यांना मातीच्या कपाची गोष्ट सांगा, आणि १९२० च्या त्या जाहीर पत्रकाचीही.

जय भीम!