‘एशियन’चा रकाना आणि रक्त पातळ करणारी गोळी

वेम्बलीत कोणाला पक्षाघाताचा झटका आला, तर रुग्णवाहिका बहुधा नॉर्थविक पार्क रुग्णालयाची वाट धरते. लंडनमधील मोजक्या अतितातडीच्या पक्षाघात केंद्रांपैकी एक तेथे आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याचे निष्पन्न झाले आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांसारखे वेगळे कारण सापडले नाही, तर ब्रिटनमध्ये पुढील उपचारांची वाट बरीचशी ठरलेली असते. साधारण दोन आठवडे ॲस्पिरिन आणि त्यानंतर रोज ७५ मिलिग्रॅम क्लोपिडोग्रेल, बहुतेकदा आयुष्यभर. गोळी स्वस्त आहे, जुनी आहे आणि डॉक्टरांच्या पूर्ण ओळखीची आहे. मात्र दक्षिण आशियाई वंशाच्या अनेक रुग्णांच्या शरीरात ती पुरेसे काम करतच नाही, ही गोष्ट व्यवस्थेच्या पचनी पडायला फार वर्षे लागली.

क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा ते औषध नसते, औषधाचा कच्चा माल असतो. शोषल्या गेलेल्या मात्रेपैकी सुमारे ८५ टक्के भाग शरीर निरुपयोगी करून टाकते. उरलेल्या थोड्याशा भागाचे यकृतातील एन्झाइम दोन टप्प्यांत खऱ्या औषधात रूपांतर करतात आणि ते औषध रक्तातील प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही. या रूपांतरात मोठा वाटा आहे तो सीवायपी२सी१९ नावाच्या एन्झाइमचा. ते घडवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती प्रत्येकाला मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एक प्रत निकामी असेल तर औषध कमी तयार होते; दोन्ही निकामी असतील तर फारच कमी. रुग्ण नेमाने गोळी घेत राहतो, डॉक्टर नोंदीत ‘उपचार सुरू’ असे लिहितात आणि प्लेटलेट्स मात्र बऱ्याच अंशी पूर्वीसारख्याच वागत राहतात. बाहेरून कशाचाही सुगावा लागत नाही. सुगावा लागतो तो दुसऱ्या झटक्याने.

हे ज्ञान नवे नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्येच या औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा छापायला लावला होता. या जनुकाच्या निकामी प्रती आशियाई आणि प्रशांत महासागरातील बेटांवरच्या लोकांत अधिक आढळतात हे ठाऊक असूनही ते पुरेसे सांगितले नाही, असा दावा करत हवाई राज्याने २०१४ मध्ये औषधनिर्मात्यांना न्यायालयात खेचले. ब्रिटनमध्ये मात्र ‘नाइस’ या नावाने परिचित असलेल्या उपचार-निकष संस्थेची शिफारस येण्यासाठी जुलै २०२४ उजाडावा लागला. गुठळीमुळे पक्षाघात झालेल्या किंवा त्याचा तात्पुरता झटका येऊन गेलेल्या ज्या रुग्णांना क्लोपिडोग्रेल देण्याचा विचार आहे, त्यांची सीवायपी२सी१९ची जनुकीय चाचणी करावी आणि निकामी प्रत आढळल्यास दुसरे औषध निवडावे, असे ती सांगते. ब्रिटनमध्ये साधारण तिघांपैकी एकाकडे अशी किमान एक प्रत असते.

दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत हे प्रमाण किती, याचे सर्वात ठोस उत्तर लंडनच्याच दुसऱ्या टोकाहून आले आहे. क्वीन मेरी विद्यापीठाच्या पुढाकाराने पूर्व लंडनमध्ये सुरू झालेल्या ‘जीन्स अँड हेल्थ’ प्रकल्पातील ४४ हजारांहून अधिक लोकांची जनुकीय माहिती तपासून २०२३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात ५७ टक्के लोकांकडे किमान एक निकामी प्रत आढळली, तर सुमारे १३ टक्के लोकांच्या दोन्ही प्रती निकामी निघाल्या. हृदयविकारानंतर ॲन्जिओप्लास्टी झालेल्यांपैकी ज्यांच्या दोन्ही प्रती निकामी होत्या, त्यांना वर्षभरात पुन्हा हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता सुमारे तिप्पट होती. निष्कर्षाचा हा शेवटचा भाग तुलनेने कमी रुग्णांवर आधारलेला आहे, हे लक्षात ठेवायला हवे. पण शास्त्र ज्या दिशेला बोट दाखवत होते, त्याच दिशेला तोही जातो.

आता या आकडेवारीत मराठी माणूस कुठे आहे? ‘जीन्स अँड हेल्थ’ हा बांगलादेशी आणि पाकिस्तानी वंशाच्या ब्रिटिश नागरिकांचा प्रकल्प आहे. वेम्बलीच्या ईलिंग रोडवर दिसणारी गुजराती वस्ती त्यात नाही, आणि याच ब्रेंट बरोतील डॉलिस हिल येथे ज्यांची वास्तू आहे त्या, १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाचे सभासदही त्यात अपेक्षित नाहीत. ब्रेंटचे नाव शास्त्रीय साहित्यात आहे ते निराळ्याच कारणाने. १९८८ ते १९९१ या काळात साऊथॉल आणि ब्रेंट येथील मध्यमवयीन रहिवाशांची पाहणी झाली आणि पुढे त्यांच्याच पाठपुराव्यातून ‘सेब्र’ हा दीर्घकालीन अभ्यास उभा राहिला. मात्र त्यातील दक्षिण आशियाई तुकडी प्रामुख्याने साऊथॉलची, म्हणजे मोठ्या प्रमाणात पंजाबी. युके बायोबँकमध्ये पाच लाख लोक आहेत. त्यांतले सुमारे ९४ टक्के श्वेतवर्णीय. म्हणजे एका ‘साऊथ एशियन’ शब्दाखाली ढाक्याची, मीरपूरची आणि जालंधरची जनुकीय माहिती गोळा होते आणि तिच्या आधारे पुण्याच्या वा कोल्हापूरच्या माणसाबद्दल अंदाज बांधला जातो.

या विशिष्ट जनुकापुरता तो अंदाज फारसा चुकणार नाही. भारतात झालेल्या अभ्यासांतही निकामी प्रतींचे प्रमाण युरोपीय लोकांपेक्षा बरेच जास्त दिसते. अडचण आहे ती सवयीची. वंशाचा रकाना हाच जनुकाचा पुरावा समजण्याची सवय लागली की काय होते, याचे उत्तम उदाहरण कोलेस्टेरॉलवरील रोसुव्हास्टॅटिनच्या माहितीपत्रकात सापडते. ब्रिटनमध्ये ‘आशियाई वंशाच्या’ रुग्णांना हे औषध ५ मिलिग्रॅमपासून सुरू करावे आणि ४० मिलिग्रॅमची मात्रा देऊच नये, असे बंधन आहे. त्याच माहितीपत्रकात थोडे पुढे वाचले तर कळते की जपानी, चिनी, कोरियन, फिलिपिनो आणि व्हिएतनामी लोकांच्या रक्तात या औषधाचे प्रमाण सुमारे दुप्पट होते, तर भारतीय वंशाच्या लोकांत ते सुमारे १.३ पट. दोन्ही गटांना नियम एकच! अमेरिकेत ‘एशियन’ म्हटले की डोळ्यांपुढे पूर्व आशिया येतो, ब्रिटनमध्ये भारतीय उपखंड. गोळीच्या पाकिटाला हा भेद कळत नाही.

उलट टोकाचे उदाहरण भारतातले आहे. आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजात भूल देताना वापरल्या जाणाऱ्या सक्सिनिलकोलिन या स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा निचरा करणाऱ्या एन्झाइमची जन्मजात कमतरता इतरांपेक्षा कितीतरी अधिक आढळते. काही मिनिटांत ओसरायला हवा असा परिणाम त्यामुळे तासन्‌तास टिकू शकतो. मराठवाड्यात आणि विदर्भातही या समाजाची कुटुंबे आहेत. शेकडो वर्षे जातीतल्या जातीत झालेल्या विवाहांमुळे असे दुर्मीळ दोष काही समूहांत साठून राहतात, हे २०१७ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये आलेल्या दक्षिण आशियाविषयीच्या मोठ्या अभ्यासाने दाखवले. ‘एशियन’ हा शब्द इथे निरर्थक ठरतो आणि ‘भारतीय’ हासुद्धा. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी जात विचारत बसावे असा याचा अर्थ नव्हे. ज्या जनुकाची खात्रीशीर चाचणी उपलब्ध आहे, त्याच्याबाबत आडनाव, त्वचा किंवा जन्मगाव यांवरून तर्क करण्याचे काही कारण उरत नाही. पक्षाघाताच्या बाबतीत ‘नाइस’ने वंशाची अट न घालता ही चाचणी सर्वांसाठी सुचवली, ही त्या निर्णयातील सर्वात शहाणपणाची बाब आहे.

रोगाच्या धोक्याविषयीचे जनुकीय ज्ञान मात्र इतके सरळ नाही, आणि अनिवासी भारतीयांच्या गप्पांत नेमकी इथेच गल्लत होते. ‘मधुमेह आपल्या जीन्समध्येच आहे’ हे वाक्य वेम्बलीत जितके सहज उच्चारले जाते तितकेच डोंबिवलीत. १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या पाहणीत दक्षिण आशियाई लोकांत मधुमेहाचे प्रमाण १९ टक्के, तर युरोपीय लोकांत ४ टक्के आढळले होते. एवढी तफावत समजावून देणारे एखादे जनुक आजवर सापडलेले नाही. सापडले आहेत ते अनेक जनुकांतले छोटे छोटे भेद, एकेकाचा परिणाम अगदी किंचित.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम इथे अधिक बोलके आहे. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय २२.३ असा तंतोतंत सारखा, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. पुण्याजवळच्या गावांत जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची, तरीही पुण्याच्या बाळांनी त्वचेखालची चरबी बरीचशी राखून ठेवली होती, कमी पडले होते ते स्नायू. या चित्रात जनुके आहेत, पण आईचे पोषण, गर्भातील वाढ आणि नंतर बदललेले अन्न व श्रम हेही आहेत. नुसत्या जनुकांवर खापर फोडले की बाकीचे सगळे सुटून जाते, आणि हातात काही उरते ते बाकीच्यातच.

म्हणून दोन प्रकारच्या चाचण्यांत फरक करायला हवा. घरी नळीत थुंकी गोळा करून पाठवायच्या आणि ‘तुमचा हृदयविकाराचा धोका’ टक्केवारीत सांगणाऱ्या खासगी चाचण्यांचे गणित मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेले असते. मराठी माणसासाठी ती टक्केवारी जपूनच वाचावी लागते. सीवायपी२सी१९चे तसे नाही. तिथे प्रश्न नेमका आहे, उत्तर नेमके आहे आणि उत्तर मिळाल्यावर करण्यासारखे काहीतरी आहे.

तरीही कागदावरची शिफारस रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचेलच असे नाही. ‘नाइस’च्या औषधविषयक निर्णयांमागे निधी पुरवण्याचे कायदेशीर बंधन असते, चाचणीविषयक मार्गदर्शनामागे ते नसते; त्यामुळे अंमलबजावणी त्या त्या भागातील प्रयोगशाळांची सोय आणि पैसा यांवर अवलंबून राहते. दुसरे असे की ही शिफारस पक्षाघातापुरती आहे. हृदयात स्टेंट बसवलेल्या रुग्णांना ती लागू नाही, आणि पूर्व लंडनच्या अभ्यासातील धक्कादायक आकडा तर हृदयरुग्णांचाच होता. त्यांच्यासाठी प्रासुग्रेल किंवा टिकाग्रेलॉर हे पर्याय उपलब्ध आहेत, पण अनेकांना आजही क्लोपिडोग्रेलच मिळते. अशा रुग्णाने ही चाचणी होऊ शकते का, असे डॉक्टरांना विचारणे मुळीच वावगे नाही. मात्र उत्तर येईपर्यंत गोळी स्वतःहून बंद करणे जिवावर बेतू शकते.

मराठी घरांतली आणखी एक नेहमीची गोष्ट इथे नोंदवायला हवी. नातवंडांसाठी सहा महिने वेम्बलीत येऊन राहणारे आजोबा पुण्याहून वर्षभराच्या गोळ्या घेऊन येतात; त्यात स्टेंटनंतरचे क्लोपिडोग्रेल असते. इथे आल्यावर छातीत जळजळ झाली की मुलगा कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय ओमेप्राझोल आणून देतो. ओमेप्राझोल सीवायपी२सी१९लाच अडवते, म्हणून क्लोपिडोग्रेलबरोबर ते टाळावे असा औषध नियामकांचा इशारा आहे. जनुक उत्तम असलेल्या माणसाचे एन्झाइमही अशा रीतीने मंदावते. पॅन्टोप्राझोलमुळे हा त्रास फारसा होत नाही. दुकानदाराला आजोबांच्या भारतातून आणलेल्या गोळ्यांची यादी दाखवली, तर तो ही चूक तिथल्या तिथे टाळू शकतो.

आणि चाचणी झालीच, तर तिचा निकाल केवळ पक्षाघाताच्या कागदपत्रांत पडून राहता कामा नये. हेच एन्झाइम नैराश्यावरील सिटालोप्रामचाही निचरा करते. ज्यांच्या दोन्ही प्रती निकामी आहेत त्यांच्यासाठी त्याची कमाल मात्रा २० मिलिग्रॅम आहे. म्हणजे नॉर्थविक पार्कमध्ये आलेला निकाल जीपीच्या नोंदीतही असायला हवा, आणि कुटुंबातही कळवायला हवा. ज्याच्या दोन्ही प्रती निकामी आहेत, त्याच्या प्रत्येक अपत्याकडे एक तरी निकामी प्रत गेलेलीच असते, मग ते अपत्य वेम्बलीत असो वा नाशिकला. सख्ख्या भावंडांत दोन्ही प्रती निकामी असण्याची शक्यता किमान चारात एक. नाशिकच्या भावाला स्टेंट बसवून क्लोपिडोग्रेल सुरू असेल, तर लंडनहून गेलेला तो एक ओळीचा निकाल त्याच्या हृदयरोगतज्ज्ञाने पाहणे आवश्यक आहे.